मेलॅनोमाच्या पूर्वानुमानाचा इतिहास : जनुकीय व रोगप्रतिकारक दर्शकांची जडणघडण

गोषवारा

त्वचेतील रंगपेशींपासून उद्भवणाऱ्या मेलॅनोमा या कर्करोगाचे निदान झाल्यानंतर रुग्णाचे पुढे काय होणार, या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या रीती गेल्या दोन शतकांत सातत्याने पालटत आल्या आहेत. प्रस्तुत निबंधात या रीतींचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून अर्बुदाची खोली, जनुकीय उत्परिवर्तने आणि शरीराची प्रतिकारशक्ती या तीन प्रकारच्या पुराव्यांचे परस्परसंबंध तपासले आहेत. कोणताही दर्शक स्वयंभू नसतो. ज्या काळातील उपचार आणि ज्या लोकसमूहातील रुग्ण यांच्या आधारे तो घडतो, त्यांच्या मर्यादा त्याच्यात उतरतात, असा या निबंधाचा निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : मेलॅनोमा, पूर्वानुमान, जनुकीय दर्शक, रोगप्रतिकारशक्ती, वैद्यकाचा इतिहास

१. प्रास्ताविक

वैद्यकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा निदान आणि उपचार या दोन अंगांनी केले जाते. रोग कोणता हे कोणी ओळखले आणि त्यावर औषध कोणी शोधले, याच्या नोंदी विपुल आहेत. या दोहोंच्या मधोमध असणारे तिसरे अंग, म्हणजे पूर्वानुमान, तुलनेने उपेक्षित राहिले. वस्तुतः रुग्णाच्या व त्याच्या नातलगांच्या मनात पहिला प्रश्न असतो तो हाच : आता पुढे काय? वैद्याची प्रतिष्ठाही प्राचीन काळापासून या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिली आहे. आयुर्वेदाने रोगांची साध्य, कष्टसाध्य, याप्य आणि असाध्य अशी केलेली विभागणी हे त्याचे आपल्या परंपरेतील परिचित उदाहरण होय.

पूर्वानुमानाच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी मेलॅनोमा हा रोग विशेष उपयुक्त ठरतो. एक तर तो बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतो, त्यामुळे त्याच्या आरंभाची नोंद करता येते. दुसरे असे की त्याची वागणूक अत्यंत विषम असते. नखाएवढा काळा डाग काढून टाकल्यावर कोणी आयुष्यभर निरोगी राहतो, तर तशाच दिसणाऱ्या डागाचा दुसरा रुग्ण दोन वर्षांत यकृतात वा मेंदूत पसरलेल्या रोगाने दगावतो. या विषमतेचे कारण शोधण्याच्या प्रयत्नातूनच प्रस्तुत इतिहास घडला.

येथे आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'दर्शक' या एकाच शब्दाखाली तीन वेगळे प्रश्न एकत्र येतात. रोग कोणाला होण्याचा संभव आहे, हा जोखमीचा प्रश्न होय. झालेला रोग कोणत्या मार्गाने जाईल, हा पूर्वानुमानाचा प्रश्न होय. आणि विशिष्ट औषध कोणास लागू पडेल, हा प्रतिसादाचा प्रश्न होय. या तिन्हींची गल्लत झाली म्हणजे कोणते अनर्थ घडतात, हे मेलॅनोमाच्या इतिहासात वारंवार दिसून येते.

२. नामकरण आणि आरंभीची निरीक्षणे

लंडनमधील शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७८७ साली एका पस्तीस वर्षांच्या पुरुषाच्या जबड्यामागे पुन्हा उद्भवलेली गाठ काढली. तिचे स्वरूप त्यांना नीट उमगले नव्हते; परंतु त्यांनी तिचा नमुना जतन केला आणि तो पुढे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात राहिला. १९६८ साली त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तेव्हा तो मेलॅनोमा असल्याचे सिद्ध झाले.

या रोगाला स्वतंत्र अस्तित्व देण्याचे श्रेय फ्रान्सच्या रने लाएनेक यांच्याकडे जाते. स्टेथोस्कोपचे जनक म्हणून विख्यात असलेल्या लाएनेक यांनी १८०४ साली पॅरिस येथील व्याख्यानात या काळ्या अर्बुदांचे वर्णन केले व ते १८०६ साली प्रसिद्ध झाले. फुप्फुसात आढळणारे काळे डाग क्षयाचे वा काजळीचे नसून याच रोगाचे प्रसृत रूप असू शकतात, हे त्यांनी दाखविले. या शोधाच्या श्रेयावरून त्यांचा व त्यांचे गुरू द्युप्युत्रँ यांचा वादही झाला. 'मेलॅनोमा' ही संज्ञा मात्र स्कॉटिश विकृतिशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्सवेल यांनी १८३८ साली रूढ केली.

पूर्वानुमानाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे निरीक्षण इंग्लंडमधील स्टाउरब्रिज या लहानशा गावी व्यवसाय करणाऱ्या विल्यम नॉरिस या वैद्याचे होते. १८२० साली त्यांनी एका एकोणसाठ वर्षांच्या रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. त्या रुग्णाचे वडीलही अशाच रोगाने वारले होते आणि कुटुंबातील इतरांच्या अंगावर पुष्कळ तीळ होते, याची नोंद त्यांनी केली. १८५७ साली आठ रुग्णांचा आढावा घेताना त्यांनी रोगाची आनुवंशिक प्रवृत्ती आणि तिळांशी असलेले नाते अधिक ठामपणे मांडले. मेंडेलचे नियम अद्याप प्रसिद्धही झाले नव्हते, अशा काळात केवळ कुटुंबाची विचारपूस करून एका ग्रामवैद्याने जनुकीय दर्शकाची पहिली खूण टिपली, ही बाब लक्षणीय होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०७ साली, विल्यम सॅम्पसन हँडली यांनी हंटेरियन व्याख्यानांत रोग लसीकावाहिन्यांतून चहूबाजूंना पसरतो असे प्रतिपादन केले आणि गाठीभोवतीची विस्तृत ऊती काढण्याची शिफारस केली. हे प्रतिपादन प्रामुख्याने एकाच रुग्णाच्या शवविच्छेदनावर आधारलेले होते. तथापि सुमारे पाच सेंटीमीटर निरोगी त्वचा सर्व बाजूंनी काढून टाकण्याची प्रथा त्यातून रुजली आणि जवळजवळ सात दशके टिकली. रोग कोणात सौम्य व कोणात उग्र, हे ओळखण्याचे साधन नसल्यामुळे सर्वांना सारखीच कठोर शस्त्रक्रिया सोसावी लागली. पूर्वानुमानाच्या अभावाची किंमत रुग्णाच्या शरीराने मोजावी लागते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

३. मोजपट्टीचे युग

१९६९ साली अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ वॉलेस क्लार्क यांनी सहकाऱ्यांसह मेलॅनोमाच्या आक्रमणाचे पाच स्तर मांडले. रोगपेशी केवळ बाह्यत्वचेत आहेत, अंतस्त्वचेच्या वरच्या थरात शिरल्या आहेत, तो थर भरून टाकला आहे, खालच्या जाळीदार थरात पोहोचल्या आहेत, की त्वचेखालील मेदापर्यंत गेल्या आहेत, यावर रुग्णाचे भवितव्य अवलंबून असते, असे त्यांनी दाखविले.

पुढच्याच वर्षी, १९७० साली, वॉशिंग्टन येथील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी त्याहून साधी रीत सुचविली. अठ्ठ्याण्णव रुग्णांच्या नमुन्यांत त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात बसविलेल्या मोजपट्टीने बाह्यत्वचेच्या कणमय थरापासून सर्वांत खोल रोगपेशीपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजले. ०.७६ मिलिमीटरपेक्षा पातळ अर्बुदे सहसा पसरत नाहीत, असे त्यांस आढळले. क्लार्क यांचे स्तर ठरविताना दोन तज्ज्ञांत मतभेद संभवत. शिवाय पाठीची आणि पापणीची त्वचा सारख्या जाडीची नसते. मिलिमीटर मात्र सर्वत्र सारखाच असतो. ब्रेस्लो यांच्या मापनाचे यश त्याच्या या पुनरावर्तनक्षमतेत होते.

या मापनाचा व्यावहारिक परिणाम दूरगामी ठरला. इटलीतील उंबेर्तो व्हेरोनेसी यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. पातळ मेलॅनोमात तीन सेंटीमीटरऐवजी एक सेंटीमीटर कड काढली तरी रुग्णांच्या जगण्यात फरक पडत नाही, असे त्यातून दिसले. हँडली यांच्या शवविच्छेदनापासून चालत आलेली प्रथा अशा रीतीने मोजपट्टीने मोडीत काढली. चांगले भवितव्य आधी सांगता येणे ही देखील एक प्रकारची चिकित्साच असते. ती अनावश्यक चिकित्सेपासून सुटका करते.

१९९२ साली डोनाल्ड मॉर्टन यांनी 'प्रहरी लसीकाग्रंथी'ची कल्पना मांडली. गाठीजवळ निळा रंग टोचल्यास तो ज्या ग्रंथीत प्रथम पोहोचतो, त्याच ग्रंथीत रोगपेशीही प्रथम पोहोचणार, हे तिचे तत्त्व. ती ग्रंथी रोगमुक्त असेल तर इतर ग्रंथी काढण्याचे प्रयोजन उरत नाही. प्रहरी ग्रंथीत रोग आढळल्यास तरी उरलेल्या सर्व ग्रंथी काढाव्यात काय, या प्रश्नाचे उत्तर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १९३४ रुग्णांच्या चाचणीने दिले. तीन वर्षांनंतर मेलॅनोमामुळे मृत्यू न येण्याचे प्रमाण दोन्ही गटांत ८६ टक्केच होते. ग्रंथीची तपासणी पूर्वानुमान सांगत होती; परंतु उरलेल्या ग्रंथी काढल्याने ते पूर्वानुमान बदलत नव्हते. जाणणे आणि बदलणे यांतील अंतर येथे उघड झाले.

या सर्व दर्शकांचे अधिकृत संकलन अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सर या संस्थेच्या वर्गीकरणात होत असते. त्याचा इतिहास उद्बोधक आहे. २००१ साली १७,६०० रुग्णांच्या नोंदींवरून तयार झालेल्या आवृत्तीत जाडी व व्रण यांना प्रमुख स्थान मिळाले आणि रक्तातील लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या विकराचा समावेश झाला. त्यानंतरच्या सातव्या आवृत्तीत पातळ अर्बुदांच्या प्रतवारीतून क्लार्क यांचे स्तर गळाले व पेशीविभाजनाचा वेग आला. २०१७ सालच्या आठव्या आवृत्तीत तोही त्या प्रतवारीतून वगळला गेला. ब्रेस्लो यांची मोजपट्टी मात्र अबाधित राहिली. या आवृत्तीनुसार अत्यंत पातळ व व्रणरहित अर्बुदाच्या रुग्णांत दहा वर्षांनंतर मेलॅनोमामुळे मृत्यू न येण्याचे प्रमाण ९८ टक्के आहे. चार मिलिमीटरपेक्षा जाड व व्रणयुक्त अर्बुदात, ग्रंथी रोगमुक्त असतानाही, ते ७५ टक्के आहे. मात्र या आकड्यांतच एक प्रश्न दडलेला आहे. त्या ९८ टक्क्यांच्या बाहेर राहणारे दोघे कोण आणि त्या ७५ टक्क्यांतील वाचणारे का वाचतात, हे मोजपट्टी सांगू शकत नाही.

४. जनुकांची साक्ष

नॉरिस यांनी टिपलेल्या कौटुंबिक प्रवृत्तीचे जनुकीय कारण हाती येण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. १९९४ साली नवव्या गुणसूत्रावरील सीडीकेएन२ए या जनुकातील उत्परिवर्तने मेलॅनोमाग्रस्त कुटुंबांत आढळली. पेशीच्या विभाजनाला लगाम घालणारे प्रथिन या जनुकापासून बनते. लगाम सुटला की पेशी अनिर्बंध वाढू शकते. हा शोध मोठा होता, परंतु तो जोखमीच्या प्रश्नाचे उत्तर होता. रोग जडल्यानंतर त्याचे पाऊल कोठे पडेल, हे त्यातून कळत नव्हते.

२००२ साली इंग्लंडमधील सँगर संस्थेच्या कर्करोग जनुकसंच प्रकल्पाने बीआरएएफ या जनुकातील उत्परिवर्तन सुमारे दोन-तृतीयांश मेलॅनोमांत आढळल्याचे जाहीर केले. पुढील अभ्यासांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास स्थिरावले. प्रथिनाच्या साखळीतील सहाशेव्या स्थानावरील एका अमिनो आम्लाचा बदल पेशीला वाढीचा आदेश अखंड देत राहतो, ही यंत्रणा स्पष्ट झाली. रोगाचे मूळ सापडले, आता त्याचा शेवटही सांगता येईल, अशी आशा निर्माण होणे स्वाभाविक होते.

ही आशा वर्षभरातच ढळली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साध्या, निरुपद्रवी तिळांपैकी ८२ टक्के तिळांत हेच उत्परिवर्तन आढळले. म्हणजे ज्या बदलाला मारेकरी मानले जात होते, तो लक्षावधी माणसांच्या अंगावर निमूटपणे वास करीत होता. २००५ साली याचे स्पष्टीकरण मिळाले. उत्परिवर्तनामुळे पेशी काही काळ वाढते आणि मग पेशीचीच संरक्षक यंत्रणा तिला कायमची थांबविते. तीळ ही अशा थांबलेल्या पेशींची वसाहत होय. एकट्या जनुकाला साक्षीदार मानून निकाल देता येत नाही, हा धडा यातून मिळाला.

तरीही बीआरएएफचे महत्त्व कमी झाले नाही. ते एका प्रश्नाकडून दुसऱ्याकडे सरकले. २०११ साली या बदललेल्या प्रथिनाला अडविणाऱ्या वेमुराफेनिब या औषधाची ६७५ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण जुन्या औषधाच्या गटात ६४ टक्के होते, तर नव्या औषधाच्या गटात ८४ टक्के. पूर्वानुमानाचा दुबळा दर्शक असलेले उत्परिवर्तन प्रतिसादाचा बलवान दर्शक ठरले. एकाच खुणेचा अर्थ औषधाच्या आगमनाने पालटला.

पुढे एकेका जनुकाऐवजी अनेक जनुकांच्या आविष्काराचा एकत्र विचार सुरू झाला. २०१५ साली 'कॅन्सर जीनोम ॲटलस' या अमेरिकी प्रकल्पाने ३३१ रुग्णांच्या मेलॅनोमांचे विश्लेषण करून बीआरएएफ, आरएएस, एनएफ१ आणि या तिन्हींतील बदलांचा अभाव असे चार जनुकीय गट पाडले. या चार गटांवरून रुग्णांच्या जगण्यातील फरक स्पष्ट झाला नाही. ज्या अर्बुदांत प्रतिकारपेशींशी निगडित जनुके सक्रिय होती, त्यांचे रुग्ण मात्र अधिक काळ जगल्याचे दिसले. जनुकांचा शोध घेता घेता संशोधक प्रतिकारशक्तीच्या दारात येऊन उभे राहिले. याच सुमारास एकतीस जनुकांवर आधारित व्यापारी चाचणीही प्रचारात आली; परंतु २०२० साली तज्ज्ञांच्या एका गटाने उपलब्ध पुरावा तपासून अशा चाचण्यांचा सरसकट वापर समर्थनीय नसल्याचा अभिप्राय दिला. जाडी आणि प्रहरी ग्रंथी यांनी दिलेल्या माहितीत चाचणी नेमकी किती भर घालते, हा आक्षेपाचा गाभा होता.

५. डोळ्यातील मेलॅनोमा : ज्ञान आणि असहायता

जनुकीय पूर्वानुमानाचे सर्वांत निःसंदिग्ध यश त्वचेत मिळाले नाही; ते डोळ्यात मिळाले. डोळ्याच्या आतील रंजकपटलात उद्भवणारा मेलॅनोमा हा जनुकीयदृष्ट्या निराळाच रोग आहे. १९९६ साली जर्मनीतील एसेन येथील संशोधकांनी दाखविले की ज्या अर्बुदपेशींत तिसऱ्या गुणसूत्राच्या जोडीपैकी एक नाहीसे झालेले असते, त्या रुग्णांत रोग यकृतात पसरण्याचा धोका फार मोठा असतो. २००४ साली विल्यम हार्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांच्या आविष्कारावरून अशा अर्बुदांचे दोन वर्ग पाडले. पहिल्या वर्गातील रुग्ण बहुधा वाचत, दुसऱ्यातील बहुधा नाही. २०१० साली तिसऱ्या गुणसूत्रावरील बीएपी१ या जनुकाचा शोध लागला. पसरलेल्या ३१ अर्बुदांपैकी २६ अर्बुदांत ते बिघडलेले आढळले.

त्वचेच्या मेलॅनोमात जे साधले नव्हते, ते येथे साधले होते. परंतु यातून एक नैतिक पेच उभा राहिला. डोळ्यावरील उपचार यशस्वी होऊनही दुसऱ्या वर्गातील रुग्णाला, रोग पुढे यकृतात प्रकटण्याचा संभव मोठा आहे, एवढेच सांगता येत होते. तो टाळण्याचे प्रभावी साधन दीर्घकाळ नव्हते. काहींना हे ज्ञान आयुष्याची आखणी करण्यास हवे असते, काहींना ते नको असते. 'असाध्य' हा शब्द उच्चारण्यापूर्वी वैद्याने बाळगावयाचा संकोच आता प्रयोगशाळेच्या अहवालात आकड्याच्या रूपाने अवतरला होता.

२०२१ साली या कोंडीत प्रथमच फट पडली. टेबेंटाफस्प या औषधाने प्रसृत रोगाच्या रुग्णांत एका वर्षानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण ५९ टक्क्यांवरून ७३ टक्क्यांवर नेल्याचे ३७८ रुग्णांच्या चाचणीत दिसले. मात्र हे औषध एचएलए-ए*०२:०१ हा ऊतिप्रकार असलेल्या रुग्णांनाच लागू पडते. हा दर्शक अर्बुदाचा नसून माणसाच्या जन्मजात प्रतिकारव्यवस्थेचा आहे. जनुकीय आणि रोगप्रतिकारक असे दर्शकांचे दोन विभाग येथे एकरूप होतात.

६. प्रतिकारशक्तीची साक्ष

मेलॅनोमा कधी कधी आपोआप मागे हटतो, ही गोष्ट वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. काळ्या डागाचा काही भाग पांढुरका होतो, सूक्ष्मदर्शकाखाली तेथे लसीकापेशींची गर्दी दिसते. क्लार्क यांनी या निरीक्षणाला शास्त्रीय रूप दिले. १९८९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह मांडलेल्या पूर्वानुमानाच्या प्रतिमानात अर्बुदात शिरलेल्या लसीकापेशींची विपुल, विरळ आणि अनुपस्थित अशी प्रतवारी होती. लसीकापेशी जितक्या विपुल, तितके भवितव्य चांगले, असे त्यातून सूचित झाले.

प्रतिकारशक्तीचे बळ तिच्या अभावातून अधिक ठळकपणे जाणवते. स्कॉटलंडमधील एका घटनेचा वृत्तान्त २००३ साली प्रसिद्ध झाला. मेलॅनोमाची शस्त्रक्रिया होऊन सोळा वर्षे निरोगी राहिलेल्या एका व्यक्तीची मूत्रपिंडे मरणोत्तर दोन रुग्णांना देण्यात आली आणि दोन्ही ग्राहकांत दात्याचा मेलॅनोमा उद्भवला. सोळा वर्षे त्या पेशी दात्याच्या शरीरात निद्रिस्त होत्या. रोपण टिकावे म्हणून ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबली होती, अशा शरीरांत त्या जागृत झाल्या. 'रोगमुक्त' या शब्दाचा अर्थ अनेकदा 'रोग आवरलेला' एवढाच असतो, हे या घटनेने दाखविले.

या आवरणशक्तीचा उपचारासाठी उपयोग करण्याचे प्रयत्न समांतरपणे चालले होते. १९८८ साली स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी रुग्णाच्या अर्बुदातील लसीकापेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यालाच परत देण्याच्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९१ साली थिअरी बून यांच्या ब्रुसेल्स येथील गटाने प्रतिकारपेशी मेलॅनोमातील नेमके कोणते लक्ष्य ओळखतात, हे प्रथमच जनुकाच्या पातळीवर दाखविले. तरीही निश्चित यश येत नव्हते, कारण प्रतिकारपेशींना स्वतःचे आवर असतात. ते आवर दूर सारण्याची दिशा जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांच्या संशोधनाने दाखविली आणि त्याबद्दल त्यांना २०१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

२०१० साली इपिलिमुमाब या औषधाने प्रसृत मेलॅनोमात आयुर्मान वाढल्याचे सिद्ध झाले, मध्यमान ६.४ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात इपिलिमुमाब व निव्होलुमाब एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के जिवंत असल्याचे दिसले. ज्या रोगात पूर्वी बहुतेक रुग्ण वर्षभरही जगत नसत, त्यात हा बदल अभूतपूर्व होय.

अर्थातच प्रश्न पुन्हा तोच उरला : हे ४३ टक्के कोण? २०१४ साली एका अभ्यासाने दाखविले की उपचारापूर्वीच अर्बुदाच्या कडेवर सीडी८ प्रकारच्या लसीकापेशी दाटलेल्या असतील, तर औषधाला प्रतिसाद मिळण्याचा संभव अधिक. त्याच वर्षी अर्बुदातील एकूण उत्परिवर्तनांची संख्या प्रतिसादाशी निगडित असल्याचे आढळले; जितके बदल अधिक, तितकी प्रतिकारशक्तीला परकी वाटणारी प्रथिने अधिक. पीडी-एल१ या प्रथिनाचे मोजमाप मात्र अपेक्षेइतके विश्वसनीय ठरले नाही, कारण ते न आढळलेल्या अनेक रुग्णांनाही औषध लागू पडले. २०२४ सालच्या ४२३ रुग्णांच्या एका चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वीच प्रतिकारोपचार दिले गेले. बारा महिन्यांनंतर रोग न बळावलेल्यांचे प्रमाण ८३.७ टक्के होते, तर आधी शस्त्रक्रिया केलेल्यांत ते ५७.२ टक्के होते. या पद्धतीत काढलेल्या ग्रंथीत रोगपेशी कितपत नष्ट झाल्या आहेत, हेच पुढील वाटचालीचे दर्शक बनते. उपचार हीच परीक्षा, असा हा नवा टप्पा आहे.

याच संदर्भात आणखी एक दर्शक उल्लेखनीय आहे. प्रतिकारोपचार घेणाऱ्या काही रुग्णांच्या त्वचेवर पांढरे डाग, म्हणजे कोड, उमटतात. जागृत झालेल्या प्रतिकारपेशी निरोगी रंगपेशींवरही हल्ला करतात, त्याचा हा परिणाम होय. आणि असे डाग उमटलेल्या रुग्णांचे भवितव्य अधिक चांगले असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. आपल्या समाजात ज्या खुणेला अकारण कलंक मानले गेले, जिच्यामुळे विवाह मोडले गेले, तीच खूण येथे शुभचिन्ह ठरते. दर्शकाचा अर्थ संदर्भाने ठरतो, याचे हे मार्मिक उदाहरण आहे.

७. दर्शकांचा भूगोल

वरील इतिहासातील बहुतेक आकडे युरोप, उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील गौरवर्णीय रुग्णांवरून आलेले आहेत. हे काही अंशी अपरिहार्य आहे, कारण सूर्याच्या अतिनील किरणांशी निगडित मेलॅनोमा प्रामुख्याने त्यांनाच होतो. भारतात या रोगाचे प्रमाण लाखामागे एकाहूनही कमी आहे. परंतु येथे जो मेलॅनोमा आढळतो, त्यात तळपाय, तळहात, नखाखालचा भाग आणि श्लेष्मल पटले यांवरील प्रकारांचा वाटा मोठा असतो.

तळपायावरील मेलॅनोमाचे वेगळेपण रिचर्ड रीड यांनी १९७६ साली नोंदविले. सुप्रसिद्ध जमैकन गायक बॉब मार्ले यांचा १९८१ साली मृत्यू झाला, तो पायाच्या बोटाच्या नखाखाली उद्भवलेल्या अशाच मेलॅनोमाने. २००५ साली बोरिस बास्टियन यांच्या गटाने १२६ अर्बुदांच्या अभ्यासातून सिद्ध केले की उन्हापासून दूर असलेल्या या प्रकारांची जनुकीय घडण मुळातच वेगळी आहे. त्यांत बीआरएएफचे उत्परिवर्तन कमी आढळते. उलट २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किट या जनुकातील बदल हातापायांवरील अर्बुदांपैकी ३६ टक्क्यांत व श्लेष्मल पटलावरील अर्बुदांपैकी ३९ टक्क्यांत दिसले. उत्परिवर्तनांची एकूण संख्याही यांत अल्प असते, त्यामुळे प्रतिकारोपचारांना मिळणारा प्रतिसाद तुलनेने मंद राहतो. टेबेंटाफस्पसाठी आवश्यक असलेला ऊतिप्रकारही सर्व लोकसमूहांत सारख्या प्रमाणात नसतो. भारतीय समूहांत त्याच गटातील इतर उपप्रकारही लक्षणीय प्रमाणात आढळतात.

याचा अर्थ असा की एका समूहावर घडलेला दर्शक दुसऱ्या समूहावर जसाच्या तसा लादल्यास तो दिशाभूल करू शकतो. या संदर्भात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या कार्याचे स्मरण उचित ठरेल. १९४५ साली त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह भारतातील कर्करोगाचे तीन प्रकार स्थानिक चालीरीतींशी जोडून दाखविले. धोतराच्या घट्ट गाठीशी संबंधित त्वचेचा कर्करोग हा त्यांपैकी एक. तो मेलॅनोमा नव्हता. परंतु कर्करोगाचा अभ्यास त्या त्या लोकांच्या शरीरावर आणि जीवनरीतीवर करावा लागतो, हा त्यामागील विचार आजच्या जनुकीय दर्शकांनाही तितकाच लागू आहे.

शिवाय येथे दर्शकांच्या आधी एक साधा प्रश्न उभा राहतो. तळपायावरचा काळा डाग कुरूप, जखम किंवा काटा रुतल्याची खूण समजून महिनोन्‌महिने दुर्लक्षिला जातो. रुग्ण रुग्णालयात पोहोचतो तेव्हा अर्बुद अनेक मिलिमीटर जाड झालेले असते. अशा वेळी महागड्या जनुकीय चाचणीपेक्षा ब्रेस्लो यांची मोजपट्टीच अधिक बोलते, आणि ती जे सांगते ते रोगाच्या उग्रतेबरोबरच विलंबाविषयीही असते.

८. समारोप

मेलॅनोमाच्या पूर्वानुमानाचा हा इतिहास सरळ रेषेत पुढे गेलेला नाही. मोजपट्टीने खोली सांगितली, पण अपवाद सांगितले नाहीत. जनुकांनी मूळ सांगितले. त्वचेच्या बाबतीत शेवट सांगितला नाही आणि डोळ्याच्या बाबतीत शेवट सांगितला, पण दीर्घकाळ मार्ग दाखविला नाही. प्रतिकारशक्तीने अपवादांचे रहस्य बऱ्याच अंशी उलगडले. मात्र तिचे दर्शक अद्याप कोणत्याही एका रुग्णाविषयी खात्री देऊ शकत नाहीत.

यावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, दर्शकाची योग्यता त्याच्या आधुनिकतेवर अवलंबून नसून तो किती वेळा, किती हातांनी मोजला तरी सारखाच येतो यावर आणि त्याच्यामुळे रुग्णाविषयीचा कोणता निर्णय बदलतो यावर अवलंबून असते. दुसरा, प्रत्येक पूर्वानुमान त्याच्या काळातील उपचारांशी बांधलेले असते; २०१० पूर्वीच्या नोंदींवरून काढलेले प्रसृत रोगाचे भाकीत नंतरच्या रुग्णाला सांगणे म्हणजे इतिहासाला भविष्य समजणे होय. तिसरा, प्रत्येक दर्शकामागे एक विशिष्ट लोकसमूह उभा असतो, आणि जो समूह त्या नोंदींत नाही, त्याच्याविषयी तो दर्शक मौन बाळगतो. हे मौन भरून काढण्यासाठी भारतीय रुग्णालयांतील अर्बुदांचा, विशेषतः हातापायांवरील व श्लेष्मल पटलावरील प्रकारांचा, पद्धतशीर संग्रह आणि दीर्घकालीन पाठपुरावा ही पूर्वअट आहे. स्टाउरब्रिजच्या त्या वैद्याने आपल्या गावातील आठ रुग्णांची नोंद काळजीपूर्वक ठेवली, म्हणूनच या इतिहासाचा आरंभ शक्य झाला.